घागरीसह

कुरणवाडीच्या वह्या आल्या तेव्हा
त्यांना रॉकेलचा वास होता.
चौतीस वर्षं, रोज सकाळी साडेआठ,
एकाच हाताचं अक्षर:
शून्य. शून्य. शून्य. चार पूर्णांक दोन. शून्य.
आमच्याकडच्या पावसाची सहीच ती.

माझं काम असं:
दर वर्षातला सगळ्यात मोठा दिवस उचलायचा,
चौतीस दिवस ओळीने उभे करायचे
आणि त्यांना विचारायचं,
तुमच्यात जो नाही
तो केवढा असेल?

वक्राचं पोट कुणालाही भरता येतं.
मी शेपटीकडे बसते,
जिथं आकडे विरळ होत जातात
लेंडीच्या पाण्यासारखे, मार्चनंतर.
पुलाची उंची मात्र तिथूनच ठरते.

एका सप्टेंबरात लिहिलेलं: २००.०
बरोब्बर. दशांशावरही शून्य.
शेजारी निळ्या शाईवर लाल रेघा,
इतक्या दाबून की मागच्या पानावर वळ.
पाऊस इतका गोल पडत नाही.
मी देगलूरची बस धरली,
पुढे जीपची मागची फळी.

पिराजी तोटेवाड बाजेची नवार ओढत होते.
वही बघून हात पुसले, मगच घेतली.
"बाटली दोनशेची असती, बाई.
रात्री दोनला कंदील घेऊन गेलो, तर काठाला.
घागरीत रिचवली, परत लावली.
सकाळी घागर अन् बाटली
दोन्ही मापानं मोजले. तीनशे अठ्ठेचाळीस.
सायब म्हणले, तोटेवाड, बाटली केवढ्याची?
दोनशेची, सायब.
मंग दोनशेच लिवा."

नवार पुन्हा ताणली.
"म्या लिवलं. घागरीचा कुठं रकाना व्हता?"

मग त्यांनी विचारलं,
जे माझे वरिष्ठही विचारत नाहीत:
शंभर वर्सांतून एकदा म्हणले व्हते,
मंग सा वर्सांत परत कसं आलं?

अंगणात चिंचोके वाळत पडले होते.
मी शंभर मोजले,
एक दगडावर घासून पांढरा केला.
दर साली डोळे मिटून एक काढायचा,
बघायचा, परत टाकायचा.
"परत टाकायचा?"
परत टाकायचा.
ते हसले. "मंग त्याला काय ठावं,
मागल्या साली आपलाच नंबर व्हता म्हणून."

इतकं नीट मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

चिंचोके ओंजळीत खुळखुळवत ते गप्प राहिले.
मग म्हणाले,
"अन् रातच्याला कुणी
आणखी दोन-चार घासून टाकले आसंल तर?"

तीन वर्षं मी याच प्रश्नावर
कागद काळे करते आहे.
पोतं तेच आहे असं धरून
सगळी सूत्रं चालतात.
त्यांना म्हटलं, तेच तर कळत नाही.
त्यांनी चहा पुढे केला.

परतताना पुलावर जीप थांबली,
समोरून म्हशी येत होत्या.
खाली वाळू, एक तुटकी चप्पल,
कठड्याला उद्घाटनाचा दगड.
मनातल्या मनात ओळीतून दोनशे काढले,
तीनशे अठ्ठेचाळीस ठेवले.
शेपटी उठली, जाड झाली,
आणि शंभर वर्षांचं पाणी
कठड्याच्या वरून, मी बसले होते त्या उंचीवरून
निवांत गेलं.
ड्रायव्हर म्हशींना शिव्या देत होता.

अहवाल पाठवला. उत्तर आलं:
मूळ नोंद दोनशे आहे, कृपया तीच ग्राह्य धरावी.
मूळ!

वह्या परत करायच्या आदल्या संध्याकाळी
लाल रेघांच्या शेजारी
पेन्सिलीने आकडा लिहिला, बारीक,
जो पुढे कधी शोधेल त्याला सापडेल इतपत.
शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द:
घागरीसह.